पोत्याचे दोन कान

शिवलेल्या पोत्याला वर दोन कान असतात आणि खाली दोन कोपरे. दोघे समोरासमोर उभे राहतात, एक हात कानाला, एक कोपऱ्याला. गुडघ्यात वाकतात, एकजण ‘हं’ करतो आणि पोतं जमीन सोडतं. पाठीवर घेणारा तिसरा तोवर पाठ करून, गुडघे मुडपून, मान खाली घालून उभा असतो. पोतं त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध, मानेच्या जरा खाली बसलं तर चार पावलांत तोल सावरतो. चार बोटं डावीकडे बसलं तर थप्पीपर्यंतची सगळी वाट कंबर वाकडी. त्यात चूक त्याची नसते. उचलणाऱ्या दोघांपैकी एकानं ‘हं’ व्हायच्या आधीच जोर लावलेला असतो.

हमालीत जोडीदार का लागतो ते इतकंच आहे. दोघांची जात, गाव, भाषा, वय काहीही असो, त्या एका क्षणी दोघांचा श्वास जुळावा लागतो. नाही जुळला तर तिसऱ्याच्या मणक्यावर निघतं.

हे डोक्यात ठेवून १९५७ सालचा ‘एज ऑफ द सिटी’ पाहावा. मार्टिन रिट या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट. कृष्णधवल, जेमतेम ८५ मिनिटांचा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर घडणारा आणि न्यूयॉर्कमध्येच प्रत्यक्ष जागांवर जाऊन चित्रित केलेला. अ‍ॅक्सल नावाचा एक गोरा तरुण रात्री धक्क्यावर काम मागायला येतो. खोटं आडनाव सांगतो, कारण तो सैन्यातून पळालेला आहे. टॉमी हा काळा माणूस त्याच धक्क्यावर हमालांच्या एका टोळीचा प्रमुख. दुसऱ्या टोळीचा प्रमुख चार्ली मॅलिक, गोरा. अ‍ॅक्सल आधी मॅलिकच्या तावडीत सापडतो आणि मग टॉमीच्या टोळीत जातो. त्यातून मैत्री होते आणि त्यातूनच एकाचा जीव जातो. जॉन कॅसाव्हेटिस, सिडनी पॉइटिए आणि जॅक वॉर्डन हे तिघे या भूमिकांत आहेत. पटकथा रॉबर्ट अ‍ॅलन ऑर्थरची; त्याचंच मूळ दूरचित्रवाणी नाटक १९५५ साली थेट प्रक्षेपित झालं होतं आणि त्यातही टॉमी पॉइटिएनंच केला होता.

त्या नाटकाचं नाव होतं ‘अ मॅन इज टेन फीट टॉल’. माणूस दहा फूट उंच. टॉमी अ‍ॅक्सलला सांगतो की माणसांच्या बाजूनं उभं राहायचं की खालच्या पातळीवरच्यांच्या, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. माणसांच्या बाजूनं राहिलास तर तू दहा फुटांचा. वाक्य टाळ्यांचं आहे, पण ते ज्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडी घातलं आहे तिथं उंचीला फार रोखठोक अर्थ असतो. दोघांनी मिळून उंच पेटी जिन्यावरून वर न्यायची तर खालच्या पायरीवरच्या माणसावर जास्त वजन येतं, कारण पेटीचा भार धरलेल्या जागेच्या वर असतो आणि पेटी तिरपी झाली की तो खालच्या अंगाला सरकतो. सपाट जमिनीवरही एक उंच आणि एक बुटका अशी जोडी असेल तर भार बुटक्याकडे कलतो. म्हणून जाणता मुकादम टोळीतल्या जोड्या लावताना आधी खांदे बघतो. खांदे जुळत नसतील तर उंच माणसाला गुडघे वाकवून चालावं लागतं. दिवसभर दुसऱ्यासाठी गुडघे वाकवून चालणारा माणूस कुठे भेटला तर समजावं की ती नुसती जोडी राहिलेली नाही.

आता हत्यार. हमालाचा आकडा, गोदीत त्याला हूकच म्हणतात. चित्रपटात तो सुरुवातीपासून सगळ्यांच्या हातात, कमरेला, खांद्यावर दिसत राहतो. आडवी लाकडी मूठ, तिच्या मधोमध निघालेली पोलादी दांडी, पुढे इंग्रजी ‘जे’सारखं वळण आणि टोक. मूठ मुठीत धरली की दांडी मधल्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर येते. नवखा माणूस पहिल्याच दिवशी मूठ आवळून धरतो आणि दुपारपर्यंत त्याचा पंजा आखडतो. जुना माणूस बोटं सैल ठेवतो, मूठ नुसती अडकवतो. ओढताना वजनच ती पंजात दाबून धरतं.

टोक कुठे घालायचं हे त्याहून महत्त्वाचं. कापसाच्या किंवा कापडाच्या गाठीला आकडा लावायचा तो वेष्टणात, बाजूच्या अंगाला, तिरपा. गाठ आवळणाऱ्या पट्टीत किंवा तारेत कधीच नाही. ती ताणलेली असते. तुटली तर चाबकासारखी उलटते आणि समोर डोळे असतात. भारतात कापसाची गाठ १७० किलोची धरतात, अमेरिकेत त्याहून जड, २१८ किलोच्या आसपास. एवढी गाठ कुणी उचलत नाही. दोघे दोन अंगांनी आकडे लावतात आणि तिला कडेवर उभी करून कलंडवत नेतात. इथंही एकानं आधी आकडा काढला की गाठ दुसऱ्याच्या पायावर.

पोत्याचं शास्त्र वेगळं. तागाच्या विणीत एकच लांब टोक घातलं तर वीण फाटते, माल गळतो. आणि फाटता फाटता आकडा एकदम सुटला तर ओढणारा पाठीवर पडतो, आकडा हातातच असतो आणि त्याचं टोक त्याच्याच दिशेनं असतं. म्हणून ओढताना एक पाय मागे, आणि ओढ छातीच्या बाजूनं बाहेर. तोंडाकडे सरळ ओढायचं नाही. कॉफी-साखरेच्या पोत्यांसाठी तळहाताएवढ्या पट्टीवर बारीक नखं असलेला वेगळा आकडा असतो, तो वीण न फाडता पकड घेतो. कागदी पोत्यांना कुठलाच नाही. जगभरच्या खोक्यांवर फुली मारलेल्या आकड्याचं चित्र छापलेलं असतं ते याचसाठी. आकडा फेकून द्यायचा नाही, हातात द्यायचा आणि मूठ पुढे करून द्यायचा. काम थांबलं की टोक खाली किंवा लाकडात रुतवून.

इतके नियम एका वाकड्या सळईला कशासाठी, असं वाटू शकतं. पण ज्या हत्यारानं दहा माणसं दाटीवाटीनं काम करतात, त्याचे नियम बहुतेक शेजारच्या माणसासाठीच असतात. चित्रपटाचा शेवट माहीत असलेल्यांनी हे परिच्छेद पुन्हा वाचावेत.

मालडब्यात भरणी कशी होते तेही बघण्यासारखं. त्या काळचा अमेरिकेतला साधा बंद मालडबा ४० फूट लांब, आत साधारण ९ फूट रुंद, दार बाजूच्या मधोमध सरकणारं. माल दोन्ही टोकांकडून दाराकडे रचत आणायचा. जड खाली, हलकं वर, आणि वजन दोन्ही अंगांना सारखं. फट ठेवायची नाही, कारण डबे जोडताना बसणाऱ्या धक्क्यानं फटीतला माल आपटतो. फट राहिलीच तर लाकडाचे ठोकळे ठोकायचे. दाराजवळचा शेवटचा थर सगळ्यात काळजीचा. तो दारावर रेलला तर इथं काही होत नाही. शंभर मैलांवर दार उघडणाऱ्या अनोळखी हमालाच्या अंगावर तो कोसळतो. धक्का आणि डबा यांच्यामध्ये लोखंडी पत्रा टाकतात, त्यावरून दोन चाकांची उभी ट्रॉली जाते. पेटी जरा पुढे कलवायची, ट्रॉलीची जीभ तिच्याखाली सारायची, आसावर पाय ठेवून मागे ओढायचं, आणि तोल सापडेल तिथं थांबायचं. तोल सापडला की वजन चाकांवर. त्यापुढे कलली की ते हातांवर. ओल्या पत्र्यावर ट्रॉली ढकलण्याऐवजी ओढणारा पाय घसरला की तिच्याखाली जातो.

पडद्यावर हे काम खोटं करणं सोपं आहे आणि पकडणंही सोपं. नट रिकामं खोकं उचलतो तेव्हा हात वजन दाखवतात, मान दाखवत नाही. खऱ्या वजनाखाली हनुवटी आत जाते, पाऊल आखूड पडतं, तळवा पूर्ण टेकतो आणि बोलणं तुटक होतं. खोकं डोक्याच्या वर नेऊन मोठमोठी वाक्यं बोलणारा हमाल फक्त स्टुडिओत सापडतो. या चित्रपटात गप्पा बहुतेक जेवणाच्या सुट्टीत, बाकावर, नदीकडे तोंड करून होतात. ते खरं वाटतं. ओझं अंगावर असताना माणसं फारतर शिव्या देतात.

मॅलिकबद्दल लिहिताना समीक्षक त्याचा वर्णद्वेष पुढे ठेवतात, आणि तो आहेच, उघडा आणि घाणेरडा. पण धक्क्यावरच्या माणसाच्या नजरेला आधी दुसरी गोष्ट दिसेल: हिशोब. अ‍ॅक्सलकडे कागद नाहीत. तो कुणाचं तरी नाव सांगून आला आहे. मॅलिक त्याला कामावर घेतो आणि बदल्यात त्याच्या मजुरीतून वाटा खातो. अ‍ॅक्सल टॉमीच्या टोळीत गेला म्हणजे मॅलिकची चालू मिळकत बुडाली, आणि तीही एका काळ्या माणसामुळे, सगळ्यांच्या देखत. त्याच्या रागात रंग आणि पैसा इतके एकमेकांत मिसळलेले आहेत की वेगळे करता येत नाहीत. पटकथेचं हे मोठं यश, आणि त्यावर फार कुणी बोलत नाही.

वाटा खाण्याची ही रीत लेखकानं मनानं रचलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या गोदीत सकाळी आणि दुपारी माणसं अर्धवर्तुळात उभी राहत आणि मुकादम बोट दाखवून निवडे. मजुरीतला भाग परत द्यायला तयार असलेले कानामागे काडी खोचून येत, म्हणजे विचारायचीही गरज नाही, असं त्या काळच्या गोदीबद्दल लिहिलं गेलं आहे. माल्कम जॉन्सन या बातमीदारानं १९४८ मध्ये ‘न्यूयॉर्क सन’मध्ये लेखमाला लिहून हे चव्हाट्यावर आणलं, त्याला १९४९ चं पुलित्झर मिळालं. १९५३ मध्ये बंदरासाठी वेगळा आयोग नेमून ही उभं राहण्याची पद्धत बंद केली गेली.

मुंबईच्या वाचकाला यात परकं काय वाटणार? गोदीत टोळीवाले होते, बाजारात मुकादम होते. व्यापारी पैसे टोळीवाल्याला देई आणि टोळीवाला आपला भाग काढून उरलेले वाटे. किती आले हे फक्त त्याला ठाऊक. गोदी कामगारांसाठी देशात १९४८ चा कायदा झाला. मशीद बंदर, भायखळा, दाणाबंदर इथल्या गोण्या वाहणाऱ्यांना मात्र १९६९ पर्यंत थांबावं लागलं. ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम’ असं लांबलचक नाव असलेल्या त्या कायद्याची कळ एकच: मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा आकारणी, मालकानं कायद्यानं नेमलेल्या मंडळाकडे भरायची, मंडळानं कामगाराला द्यायची, आणि भविष्यनिर्वाह निधीही तिथूनच. मधला हात कापला. सातारा, सांगली, कोल्हापूर, जुन्नरकडून आलेल्या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं त्याचं हे फळ. ‘दीवार’मधला गोदीतला हप्ता १९७५ चा, आणि तिथंही पहिली ठिणगी हप्ता द्यायला नकार देण्यावरूनच पडते.

एक फरक नोंदवायला हवा. आपल्याकडे मजुरी नगावर किंवा क्विंटलवर ठरते आणि टोळीत वाटली जाते. कच्चा माणूस टोळीत घेतला तर सगळ्यांचीच कमाई घटते. त्याला शिकवायचं म्हणजे दहाजणांच्या खिशातून शिकवायचं. न्यूयॉर्कला मजुरी तासावर. टॉमीला अ‍ॅक्सलपायी पैशाची झळ बसत नाही. त्यानं पत्करलेली जोखीम वेगळी आहे: ज्याचे कागद नाहीत, ज्याच्यावर दुसऱ्या मुकादमाचा हक्क समजला जातो, अशा माणसाला त्यानं आपल्या बाजूला ओढलं.

वजनाचाही एक संदर्भ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषानं एकट्यानं उचलायची शिफारस केलेली कमाल मर्यादा ५५ किलो ठेवली. आपल्याकडे शंभर किलोची गोणी त्यानंतरही कैक वर्षं पाठीवरून जात होती. ५० किलोची गोणी आली तेव्हा जोडीदाराची गरज कमी झाली, आणि मालाची फळी उचलून नेणाऱ्या हातगाड्या (पॅलेट ट्रक) आल्या तेव्हा आणखी. पाठीसाठी उत्तमच झालं.

पुन्हा चित्रपटाकडे. टॉमी अ‍ॅक्सलला घरी नेतो. बायको ल्यूसी, लहान मूल, जेवण, रेकॉर्ड लावून नाच, आणि अ‍ॅक्सलशी जमवून द्यायला बोलावलेली एलन ही गोरी शिक्षिका. रूबी डीनं केलेली ल्यूसी शिकलेली, नवऱ्याला बोलण्यात पुरून उरणारी. १९५७ च्या सुरुवातीला हा चित्रपट आला, तेव्हा बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांनी मॉन्टगोमेरीत केलेल्या बसबहिष्काराला यश येऊन काही आठवडेच झाले होते. अशा वेळी घर, संसार, विनोदबुद्धी, अधिकार हे सगळं काळ्या माणसाकडे, आणि भेदरलेला, बेघर, आधाराची गरज असलेला गोरा. मांडणीची ही उलट बाजू अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चित्रपटगृहांना मानवली नाही. आज पाहताना मात्र खटकतं ते वेगळंच. टॉमी अति चांगला आहे. त्याला थकवा नाही, हेवा नाही, अ‍ॅक्सलवर संशयही नाही. खऱ्या टोळीत दोस्ताला पहिली शंका दोस्ताचीच येते: हा नाव का लपवतो? पॉइटिए हसण्यातून, चालण्यातून त्याला हाडामांसाचा करतो, पण लिहिताना लेखकानं त्याला दहा फुटांचा करून ठेवला आहे आणि त्यामुळे त्याच्या मरणाची चाहूल फार लवकर लागते.

कॅसाव्हेटिसचा अ‍ॅक्सल याच्या नेमका उलट. तो सरळ उभाच राहत नाही. घरी फोन लावतो आणि आईचा आवाज आला की गप्प राहतो. त्याच्या हातून गाडीच्या अपघातात भाऊ गेला आहे, बापानं माफ केलेलं नाही. या माणसाचं गप्प राहणं हाच चित्रपटाचा खरा विषय, आणि तो रिटला कुठून सुचला असेल ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून रिटचं टीव्हीवरचं काम बंद झालं होतं; अ‍ॅक्टर्स स्टुडिओ या नटांच्या संस्थेत शिकवून तो दिवस काढत होता. तीनच वर्षं आधी, १९५४ मध्ये, एलिया कझाननं ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये गोदीत साक्ष देणारा नायक दाखवला. कझाननं १९५२ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सरकारी चौकशी समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगितली होती, त्यामुळे तो चित्रपट त्याचं समर्थन म्हणूनही वाचला जातो. रिटच्या चित्रपटातही शेवटी बोलायलाच हवं, गुन्हेगाराचं नाव घ्यायलाच हवं. ज्याला नावं सांगणाऱ्यांमुळे झळ बसली त्यानं हा शेवट निवडावा यात एक पेच आहे, आणि तो त्यानं सोडवलाय असं वाटत नाही. १९७० मध्ये त्यानं पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींवर ‘द मॉली मॅग्वायर्स’ केला. तिथं खाणकामगारांत मिसळलेला गुप्तहेर आणि त्यांचा म्होरक्या यांची मैत्री होते. हेराच्या पहिल्या पगारातून दारूगोळा, हत्यारं असं सगळं कापून हातात चिल्लर टेकवली जाते, आणि मग तो त्यांच्याबरोबर मनापासून चिडतो. तरी नावं सांगतोच. तो चित्रपट याहून कडू आहे आणि याहून चांगलाही.

‘एज ऑफ द सिटी’तली मारामारी पाहताना आकड्याचे सगळे नियम एकेक करून मोडताना दिसतात. मॅलिक अ‍ॅक्सलला डिवचतो, टॉमी मध्ये पडतो, मग दोघे आकडे घेऊन एकमेकांभोवती फिरतात आणि बाकीचे हमाल कडं करून बघत राहतात. टोकं आता माणसाकडे. टॉमी मॅलिकच्या हातातला आकडा पाडतो आणि जिंकलेला असूनही त्याला थांबायची विनवणी करतो. मॅलिक पुन्हा आकडा उचलतो. रोज गाठी ओढणारं ते टोक कापडाच्या वेष्टणात शिरावं तसं शिरतं.

पोलीस येतात, विचारतात. कुणी काही पाहिलेलं नसतं. अ‍ॅक्सलही त्यातच. ल्यूसीला सत्य कळतं तेव्हा ती त्याला घरातून हाकलते, आणि त्या दृश्यात तिचा राग एका मॅलिकपुरता राहत नाही; गोऱ्यांच्या साऱ्या गप्प बसण्यावर तो जातो. रूबी डीच्या चित्रपटभर आवरून धरलेल्या अभिनयाचा बांध इथं फुटतो.

मग अ‍ॅक्सल धक्क्यावर परत जातो. मॅलिकशी झुंजतो, त्याला बेशुद्ध करतो आणि उचलून नेता येत नाही म्हणून ओढत नेतो. बेशुद्ध माणूस हे फार वाईट ओझं: कान नाहीत, कोपरे नाहीत, तोल सतत सरकता. दोघं लागतात त्याला, एक काखेत आणि एक पायांशी. अ‍ॅक्सल एकटाच, मागे वाकून, टाचा रोवून, रुळांच्या मधून त्याला खेचत राहतो. आजूबाजूला दोन्ही टोळ्या उभ्या असतात आणि दुसरं टोक धरायला कुणी पुढे येत नाही.